भाऊंचा मांडव आणि येलो अलर्ट

"अख्ख्या सातारा जिल्ह्याला येलो अलर्ट! महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेची मारामार. दोघांना एकच रंग फासायचा, ह्याला अंदाज म्हणतात?" भाऊ मांडववाले तापले होते. परवाच्या वळवात त्यांचा लग्नाचा मांडव कसा उडाला ते वाईत कुणाला सांगायला नको.

"रंग बरोबर होता की," रव्या म्हणाला. रव्या वायरमन, त्यामुळं वारा सुटला की आपण घरात आणि तो खांबावर. "सोसाट्याचा वारा म्हणाले होते, आला."

"कुठं येणार ते नको सांगायला?"

"डोंगरात ते सकाळी सांगता येत नाही, भाऊ. समुद्राकडून दमट हवा घाट चढून येते, इकडं दुपारपर्यंत जमीन तापलेली असते. हवा तयार आहे एवढं सकाळी कळतं. पहिला ढग पाचगणीवर उभा राहणार की पसरणीच्या वर, ते तो उभा राहायला लागल्यावरच."

मास्तर सरसावले. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण तास अजून संपलेला नाही. "आमच्या काळी मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की आम्ही समजायचो..."

"मास्तर, मुंग्यांना विचारून खांबावर चढू का?"

मग पिंट्यानं रडार काढलं. उष्णदेशीय हवामान संस्थेनं मांढरदेवीच्या डोंगरावर रडार बसवलेलं, महाबळेश्वरात २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा, मग अजून काय पाहिजे, असा त्याचा सवाल.

"रडार डोंगरावर," रव्या म्हणाला, "आणि मांडव ओढ्यात. किरण वरनं जातो. आडवा डोंगर आला की त्याच्या पलीकडं आंधळा. ढगातला पाऊस दिसतो, खाली दरीत वारा काय करतोय ते नाही दिसत." पाऊस खालच्या कोरड्या हवेतून पडताना काही वाफ होऊन जातो, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली आदळते नि चौफेर पसरते. दरीत मात्र तिला पसरायला जागा नाही, सगळा जोर एकाच वाटेनं निघतो. त्या वाटेत भाऊंचा मांडव होता. हे मास्तरांपेक्षा रव्यानं बरं समजावलं, मास्तरांदेखत लिहितोय.

"म्हणजे माझी चूक?" भाऊ.

"तीन तासांचा तातडीचा अंदाज निघतो, तो आला होता. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप पण वीज जवळ आल्याचं दाखवत होतं. तुम्ही काय करत होता?"

"जेवणाची पंगत बसली होती!"

"पंगतीवरनं तुम्ही कधी उठलाय का? माझ्या मेव्हणीच्या लग्नात वाढपी थकले, तुम्ही नाही."

"तू गणपतीची वर्गणी दे आधी, दोन वर्षांची!"

"देतो. आधी माझ्या फिडरवरचं कापड काढायची मजुरी द्या. लाल मखमल, त्यावर सोनेरी 'शुभविवाह'. तारेवर अडकलं नि निम्मी वाई अंधारात."

मास्तर पहिल्यांदाच थोडक्यात बोलले. "वराती बऱ्याच पाहिल्या, पण वीज कंपनीच्या तारेवरनं निघालेली पहिलीच."

भाऊ हसायचं नाही म्हणून तोंड दाबत होते. चहा नाकातून आला.