माकडतापाबद्दल फिरणाऱ्या संदेशातल्या सहा चुका

काजूचा हंगाम तोंडावर आला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीपासून लोंढ्यापर्यंत, गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: माकडताप माकडं पसरवतात, त्यांना हाकलून लावा, मेलेलं माकड दिसलं की तिथल्या तिथे जाळा, गावाजवळचं रान जितकं कमी, तितका ताप कमी, गोव्याहून तापाने फणफणत आलेल्या मजुराला गावात घेऊ नका, हा लागणीचा ताप आहे, सरकारी लस घेतली की काळजी मिटली, आणि गोचीड चिकटली तर रॉकेल लावा. या सहा विधानांपैकी पूर्ण बरोबर एकही नाही. दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

आधी माकडांवरचा आरोप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत ताप सुरू झाला. माकडं मरतात म्हणून पहिली शंका पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), तपास केला तेव्हा विषाणू निराळाच निघाला: रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. तो माणसाला देते ती गोचीड, मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची. काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघंही या आजाराने मरतात.

म्हणून माकड अगदीच संबंध नसलेलं आहे, असंही म्हणता येत नाही. आजारी माकडाच्या रक्तात काही दिवस विषाणू भरपूर असतो आणि त्या काळात त्याला चावणाऱ्या गोचिडी बाधित होतात. पण हे कळल्यावर तर हाकलण्याचा सल्ला आणखीच चुकीचा ठरतो. फटाके लावून, दगड मारून पांगवलेला कळप अंगावरच्या गोचिडींसकट दुसऱ्या गावच्या काजूच्या बागेत उतरतो. शिवाय रानातले उंदीर, चिचुंद्र्या यांच्या अंगावरही या गोचिडी वाढतात. त्यांना कोण हाकलणार?

मेलेल्या माकडाचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मृत शरीर थंड पडू लागलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्या जागी जाळण्यासाठी काड्याकुड्या गोळा करत, वाकून, अनवाणी फिरणारा माणूस त्यांच्या पुढ्यात स्वतःहून जातो. वर ते शरीर जळून गेलं की तपासणीला नमुनाच उरत नाही, आणि माणसांत ताप सुरू होण्याआधी मिळू शकणारी इशाऱ्याची घंटा हातची जाते. करायचं ते एवढंच: हात लावायचा नाही, काठीनेही उलटंपालटं करायचं नाही. दुरून फोटो आणि जागेची खूण घ्यायची. आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला लगेच कळवायचं. माणसं, गुरं आणि कुत्री तिकडे जाऊ द्यायची नाहीत. हातमोजे आणि संरक्षक पोशाख घातलेलं पथक शवविच्छेदन करतं, नमुने घेतं, मग शरीर जाळतं आणि त्या जागेभोवती ५० मीटर परिघात कीटकनाशक मारतं. या क्रमात जाळणं शेवटी येतं, संदेशात ते पहिलं आहे. उशीर झाला तरी कळवावं, कारण शरीर कुजलं तरी ती जागा धोक्याचीच राहते.

आता रान कमी करण्याची गोष्ट. या आजाराचा मुळापासून विचार करायचा तर तो इथेच करायला हवा. या गोचिडीच्या आयुष्यात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला वेगळ्या जनावराचं रक्त लागतं. पावसाळा सरल्यावर सहा पायांच्या अळ्या येतात. त्या उंदीर, पक्षी, माकडं यांच्यावर जगतात. डिसेंबरपासून मेपर्यंत आठ पायांची निम्फ, म्हणजे मधल्या टप्प्यातली गोचीड असते, खसखशीच्या दाण्याएवढी. माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच, म्हणून ताप याच महिन्यांत येतो. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली गोचीड मोठ्या जनावरांवर चढते, आणि आपल्याकडे रानात मोठं जनावर म्हणजे चरायला सोडलेली गाय-म्हैस. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते आणि पाचोळ्यात हजारांनी अंडी घालते. गुरांना हा ताप येत नाही, त्यांच्यापासून माणसाला थेट होतही नाही, पण गोचिडींची पैदास त्यांच्या जिवावर चालते.

आता रान तोडून बघा काय होतं. सलग जंगलाच्या जागी तुकडे उरतात: मध्ये काजूची बाग, शेजारी भातखाचर, कडेला दाट झाडी. प्रत्येक तुकड्याला कडा असते आणि माणूस, गुरं, माकडं या तिघांची गाठ नेमकी त्या कडेवर पडते. कर्नाटकातल्या रुग्णांच्या ठिकाणांचा नकाशांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात धोका जास्त दिसला तो सदाहरित दमट जंगल आणि बागायती लागवड शेजारी-शेजारी असलेल्या भागात, आणि गावठी गुरांची संख्या जास्त असलेल्या ठिकाणी. हे वर्णन वाचून चोर्ला घाटाच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे येत नसेल तरच नवल. शिमोग्याचा आजार म्हणून कुणी दुर्लक्ष करत असेल, तर २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला, हेही सांगायला हवं. दोन्ही तालुके घाट उतरला की आलेच.

मग या भागात बदलण्यासारखं काय आहे? पहिला, पाचोळा. गोठ्यात अंथरायला आणि खताला रानातून भारेच्या भारे आणले जातात आणि अंगणात ढीग लागतो. शिमोगा जिल्ह्यात २०११-१२ च्या साथीत आजारी आणि निरोगी घरांची तुलना झाली, त्यात आवारातले सुक्या पानांचे ढीग धोक्याच्या घटकांत निघाले. पाला आणायचाच तर डिसेंबरच्या आधी आणावा, ढीग घरापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब ठेवावा. दुसरं, गुरं. गोचिडींवरचं औषध बहुतेक जण उन्हाळ्यात, तापाच्या बातम्या आल्यावर लावतात. माणसाला चावणारी निम्फ तेव्हा पाचोळ्यात असते, गुरावरच्या औषधाने तिचं काही बिघडत नाही. पूर्ण वाढलेली गोचीड गुरावर असते ती पावसाळ्यात, म्हणून औषध मृगाच्या सुमारास सुरू व्हायला हवं. फ्लुमेथ्रिन १ टक्का पोअर-ऑन १० किलो वजनाला १ मिली, म्हणजे २५० किलोच्या गाईला २५ मिली, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत कण्यावरून ओतायचं. पुन्हा कधी ओतायचं आणि दुधाचं काय, ते पशुवैद्याला विचारावं. चूक होते ती अशी: वजन डोळ्यांनी कमी धरतात, भिजलेल्या अंगावर ओततात, आणि दुभत्या गाईला औषध लावून भाकड जनावरं तशीच रानात सोडतात. ती भाकड जनावरंच गोचिडी पोसतात.

लागणीच्या भीतीबद्दल फार लिहायची गरज नाही. एका माणसापासून दुसऱ्याला हा ताप होत नाही, माणसापाशी विषाणूचा रस्ता संपतो. प्रयोगशाळेत विषाणू हाताळणाऱ्यांना लागण झालेली आहे, पण ती वेगळी गोष्ट. एका घरात दोघं आजारी पडले, तर दोघं एकाच बागेत कामाला होते असं समजावं. मजुराला वेशीबाहेर ठेवल्याने त्याचे उपचार तेवढे लांबतात.

लसही तशीच. जुनी लस होती: महिन्याच्या अंतराने दोन डोस, ६ ते ९ महिन्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी. प्रत्यक्ष वापरात दोन डोसनंतर संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर ८३ टक्क्यांच्या आसपास दिसलं. तरी बूस्टरपर्यंत टिकणारे थोडेच, कारण सुई फार दुखायची. कर्नाटकाने तिचा वापर २०२२ मध्ये थांबवला. नव्या लशीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने काम चालू आहे. तोवर गोचिडींना दूर ठेवणारं डीईपीए तेल आणि कपडे हाच बंदोबस्त. तेल रानात शिरण्याआधी हातापायांना आणि मानेला चोळायचं, घामाने उतरलं की पुन्हा लावायचं. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालावेत म्हणजे चढणारी निम्फ दिसते, आणि पँट मोज्यांत खोचावी. काजू वेचताना हात पाचोळ्यातच असतात, ते टळत नाही. पण बोंडूतून बी सोडवायला तिथेच जमिनीवर बसायचं टाळता येतं, ताडपत्री झाडलेल्या मोकळ्या जागेवर टाकावी. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात, आणि साबणाने आंघोळ करताना गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे आणि कमरेच्या नाडीखाली बोटं फिरवून तपासणी.

रॉकेलचा सल्ला मात्र ताबडतोब विसरावा. रॉकेल, चुना, जळती विडी यांनी डिवचलेली गोचीड पटकन सुटत नाही, उलट तिची लाळ जखमेत जास्त उतरण्याची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची, न पिळता सरळ वर एकसारखी ओढायची. नखांवर चिरडायची नाही. जागा साबणाने धुवायची आणि तारीख लिहून ठेवायची.

त्या तारखेला महत्त्व आहे, कारण ताप साधारण ३ ते ८ दिवसांनी येतो आणि तोवर गोव्यात कामाला गेलेला मजूर घाट चढून घरी पोचलेला असतो. अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, डोळे लाल, उलट्या, काहींना हिरड्यांतून रक्त. प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू आणि विडाल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड असा शिक्का बसतो. एकट्या विडालवर विसंबणं तसंही धोक्याचंच. म्हणून कुठल्या रानात, कुठल्या तारखांना काम केलं, ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. पहिल्या आठवड्यात रक्ताची आरटी-पीसीआर लागते, पाचव्या दिवसानंतर आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणीही उपयोगी पडते, आणि नमुना बर्फात जायला हवा. या विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, रक्तदाब आणि रक्तस्रावावर लक्ष, तापाला पॅरासिटॅमॉल, एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितलं जातं. रक्तस्राव वाढवणाऱ्या अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकपासून लांब राहावं, अंगदुखीवर हमखास टोचलं जाणारं डायक्लोचं इंजेक्शन त्यातलंच. ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा उलटतो, या खेपेला डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, बरळणं अशा लक्षणांसह. तेव्हा गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट बेळगावचं मोठं रुग्णालय गाठायचं.