नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून गर्भ टिकत नाही

माझ्या धाकट्या बहिणीचा तिसरा गर्भपात होऊन महिनाही झाला नव्हता, तोच मावशीने तिला एक मेसेज पाठवला. आईचं शरीर बाळाला परकं समजून मारतं, ते रोखणाऱ्या अँटीबॉडीज तिच्यात नसतात, नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचल्या की त्या तयार होतात आणि मूल राहतं, असं त्यात होतं. शेवटी 'दुष्परिणाम शून्य'. बहिणीने मला रात्री फोन करून विचारलं, "म्हणजे मीच मारलं का गं?" मावशीने काळजीनेच पाठवलं असेल, पण हे लिहिणाऱ्याचा मला संताप आलाय.

नाही, तू नाही मारलंस. पहिल्या तिमाहीतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. आणि त्या 'रोखणाऱ्या' अँटीबॉडीज सुखरूप बाळंत झालेल्या कितीतरी जणींमध्येही सापडत नाहीत.

आता पेशी टोचण्याबद्दल. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. कारण न सापडलेले तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या स्त्रियांपैकी काहींना नवऱ्याच्या पेशी दिल्या, काहींना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. पेशी मिळालेल्या ८६ पैकी ३१ जणींचं गरोदरपण २८ आठवड्यांपर्यंत गेलं. सलाईनवाल्या ८५ पैकी ४१ जणींचं! चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना कळवलं की मंजूर संशोधनाबाहेर हा उपचार करू नये. तरी मेसेज फिरतोच आहे.

'दुष्परिणाम शून्य' कसे असतील? दुसऱ्याच्या जिवंत पेशी अंगात जातात, म्हणजे संसर्गाचा आणि रिअ‍ॅक्शनचा धोका आलाच. शिवाय शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीज पुढे कधी अवयवरोपणाची वेळ आली तर आड येऊ शकतात.

'किलर सेल्स' नावाच्या पांढऱ्या पेशी बाळाला मारतात म्हणून त्या रक्तात मोजायच्या, या तपासणीचंही तसंच. गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या असतात आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. नुसत्या नावाला काय घाबरायचं!

एक मात्र मान्य करावं लागेल. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच अँटीबॉडीजमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या आजारात, प्रतिकारशक्तीचा खरोखर हात असतो. पण त्यावर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि गुठळ्या रोखणारं हेपॅरिन देतात, नवऱ्याच्या पेशी नाही. त्याची रक्ततपासणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. बहिणीची अजून एकदाही झालेली नाही. मावशी, आधी ती होऊ दे.