दगड आणा, पण पत्त्यासकट

आमच्या नागपुरातल्या दगड गोळा करणाऱ्यांच्या गटात सध्या एका प्रस्तावावरून चांगलीच जुंपली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत माझं म्हणणं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. गटाबाहेरच्यांनीही वाचावं, कारण विषय आपल्या सगळ्यांच्या पायाखालच्या जमिनीचा आहे.

प्रस्ताव असा: यापुढे ज्या नमुन्यासोबत चिठ्ठी नाही, तो प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायचा नाही. चिठ्ठीवर एवढंच हवं की दगड कुठे सापडला, कधी सापडला, खडकातून काढला की सुटा पडला होता, आणि कोणी उचलला. खनिजाचं नाव मागाहून लिहिलं तरी चालेल. नाव चुकलं तर उद्या कोणी जाणकार दुरुस्त करेल. जागा एकदा विसरली की ती कोणालाच परत सांगता येत नाही.

मी या नियमाच्या पूर्ण बाजूने आहे.

विरोध करणारे माझे मित्रच आहेत आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. त्यांना वाटतं, नवीन मुलं हौसेनं येतात, त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी वही दिली तर ती पळून जातील. शिवाय घरात वडिलांच्या काळापासून डब्यात पडलेले सुंदर अकीक आहेत, स्फटिक आहेत. त्यांना निव्वळ कागद नाही म्हणून बाहेर ठेवायचं का? ठेवा ना घरी, प्रेमानं ठेवा. पण चार लोकांसमोर हा आपल्या भागाचा नमुना म्हणून मांडायचा असेल, तर तो आपल्या भागाचा आहे हे कशावरून, याचं उत्तर आपल्याकडे हवं.

काटोलचं उदाहरण घ्या. २२ मे २०१२ च्या दुपारी काटोल परिसरात उल्का पडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं, म्हणजे आपण ज्याला जीएसआय म्हणतो त्यांनी, तुकडे गोळा केले, तपासले. एल-६ प्रकारची कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी उल्का. पुढे २०२१ मध्ये याच उल्केत ब्रिजमनाइट असल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात साधारण ६६० किलोमीटरच्या खाली प्रचंड प्रमाणात आहे, पण तिथून वर येताना टिकत नाही, म्हणून खडकात ते आपल्याला बघायलाच मिळत नाही. अवकाशात झालेल्या टकरीच्या दाबाखाली ते उल्केत तयार झालं आणि आपल्या जिल्ह्यात येऊन पडलं. आता समजा असाच एक तुकडा कोणाच्या घरी खिडकीत राहिला, वरचं जळकं काळं कवच गंजलं, आणि घरातल्या पुढच्या पिढीला तो कुठून आला हेच माहीत नाही. तो अंगणातल्या इतर दगडांत मिसळून जाणार. तोच दगड, तेवढंच वजन, आणि त्याच्याबद्दल कोणी काही सांगू शकत नाही. त्यामुळे काटोलकडच्या कोणाच्या घरी असा तुकडा असेल तर कृपा करून जीएसआयला कळवा. उल्का सांभाळण्याचं काम आपल्या देशात त्यांच्याकडेच आहे आणि त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय इथेच सेमिनरी हिल्सला आहे.

दुसरं उदाहरण जुनं आहे. स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना कॉलेजमुळे ठाऊक आहे. हा माणूस १८४५ मध्ये इथे मिशनरी म्हणून आला. भूविज्ञान हा त्याचा पेशा नव्हता. तरी त्यानं आणि रॉबर्ट हंटरनं मिळून टाकळी, सीताबर्डी, बोखारा, सिलेवाडा असा सगळा भाग पालथा घातला, आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. टाकळीच्या थरातली फळं, बिया, कीटक. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीला मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी, जिला रिचर्ड ओवेननं ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. इथल्या हिरव्या कॅल्साइटला, म्हणजे चुन्याच्या एका खनिजाला, मिळालेलं हिस्लोपाइट हे नाव. हे सगळं आज पावणेदोनशे वर्षांनंतरही अभ्यासकांच्या कामाला येतं, कारण कोणती वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या थरातून आली हे लिहून ठेवलेलं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. माणूस गेला, नोंदी राहिल्या. हौशी माणसाच्या हातून किती मोठं काम होऊ शकतं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि तो आपल्याच गावचा आहे.

आता आपल्या जमिनीकडे या. मला खरोखर वाटतं की दगडांची हौस असणाऱ्या माणसानं राहावं तर नागपुरातच. दख्खनचा काळा खडक, ज्याची आपण गिट्टी करतो तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, पश्चिमेकडून पसरत पसरत येतो आणि इथे संपत येतो. शहराचा पश्चिम भाग त्याच्यावर बसलाय. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, फुटाळ्याचा परिसर, सगळीकडे तोच. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. पूर्वेकडे निघालात की हा खडक मागे पडतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना नाइस लागतो, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा. उत्तरेला कामठीकडे वळलात तर गोंडवन काळातले, म्हणजे दख्खनच्या खडकाच्या कितीतरी आधीचे, वालुकाश्म. या थरांना जगभर कामठी नावानंच ओळखतात आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. आणखी पुढे मनसर-कांद्रीला गेलात की मॅंगनीज. तिथल्या तामड्याच्या (गार्नेट) आणि गारगोटीच्या (क्वार्ट्झ) एका खडकाला फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून गोंडाइट असं नाव दिलं, तेच आज जगभर चालतं. इतक्या वेगवेगळ्या काळांचे खडक स्कूटरवर जाऊन एका दिवसात पाहून यायचे, ही चैन फार थोड्या शहरांच्या नशिबी आहे.

यातला माझा सगळ्यात आवडता दगड दिसायला अगदी सामान्य आहे. लाव्हाचा एक लोट येऊन थंड झाला आणि पुढचा लोट येईपर्यंत बराच काळ गेला. त्या मधल्या काळात खळग्यांत पाणी साठलं, तळी झाली, तळ्यांत गोगलगायी आल्या, काठावर झाडं आली. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून टाकलं. तो गाळ पुढे सिलिकानं गच्च होऊन गारगोटीसारखा टणक झाला. असा तुकडा पाण्यात बुडवून भिंगाखाली धरला की फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचे शंख दिसतात. दोन ज्वालामुखी लोटांच्या मधली विश्रांती तळहातावर धरता येते. पण त्याच्या वर कोणता लोट होता आणि खाली कोणता, हे ज्यानं उचलला त्यानं लिहिलं नसेल, तर शंख दिसतो आणि त्याची गोष्ट हरवते.

आमच्या गटाचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं नुसतं फिरणं नाही. उन्हाळ्यात नागपुरात कोणी खदानीकडे फिरकत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत आमचा खरा हंगाम. बाकी महिने ओळखण्याचं टेबल चालतं. घरातलंच सामान असतं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, काचेचा तुकडा, लोहचुंबक, बाथरूमच्या टाइलची न चकाकणारी मागची बाजू, थोडं सौम्य आम्ल. पांढरा चकाकता दगड घेऊन आलेला प्रत्येक जण तो स्फटिक आहे असं समजतो. चाकूनं ओरखडा पडला आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर तो कॅल्साइट. उलट त्यानंच काचेवर ओरखडा काढला तर गारगोटी, म्हणजे स्फटिकाचंच खनिज. मोह्सच्या कठीणपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर आणि गारगोटी ७ वर. आठवीतल्या मुलीला हे स्वतःच्या हातानं करून कळतं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मॅंगनीज खाणीतून निवृत्त झालेले एक काका टेबलावर नियमित येतात. काळा दगड पुढे केला की ते आधी डोळे मिटून हातात तोलतात. "पोरी, काळा दिसला म्हणून मॅंगनीज नसतो. वजन बोलते, रंग नाही बोलत." बेसाल्टचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, तीनच्या आसपास, मॅंगनीजच्या चांगल्या खनिजाचं साडेचारच्या वर. त्यांच्या हाताला हा फरक वर्षानुवर्षांच्या सवयीनं कळतो. अशी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवं, आणि ते सांगतात ते चिठ्ठीवर उतरायला हवं.

एकदा एका गिट्टीच्या खदानीत मालकाची परवानगी घेऊन आम्ही पडलेला माल बघत होतो. तिथला ड्रिलवाला जवळ आला. "काय पाहून राहिले जी?" सांगितल्यावर म्हणाला, पोकळ दगड या ढिगात नाही मिळणार, ते वरच्या लाल पट्टीच्या खाली हातभर पट्ट्यात असतात, तिथे ड्रिल एकदम आत जाते. आणि तसंच निघालं. तो हातभर पट्टा म्हणजे लाव्हाच्या लोटाचा वरचा भाग, जिथे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत अकीक आणि स्फटिक भरले. त्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर मी थराची खोली लिहिली आणि माहिती त्यानं दिली हेही लिहिलं.

नदीतल्या गोट्यांचंही असंच. कन्हानच्या पात्रात लाल-पिवळे जॅस्पर, अकीक, गारगोटी सगळं एकत्र मिळतं. नदी सातपुड्यातून छिंदवाड्याकडून येते, वाटेत काय काय उचलते ते ठरवणं कठीण. तिथे "कन्हान पात्र, सुटा" एवढंच लिहावं. एवढी चिठ्ठीही पुरेशी आणि खरी आहे.

जीवाश्मांबद्दल मात्र माझं मत आणखी कडक आहे. जागेवर दिसला तर हात लावू नका. फोटो घ्या, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून आकार कळू द्या, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा आणि जीएसआयला किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात, आणि त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडल्याचं संशोधन २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा तो भक्कम पुरावा ठरला. पिसदुऱ्याचा असा एक गोळा कोणाच्या शोकेसमध्ये जाऊन बसला की तो एक विचित्र आकाराचा दगड होतो, बस. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय खाण मंत्रालयानं भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. पण कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही, गटाचा नियम आपण आजच करू शकतो. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, लोणार इथून तर खडाही उचलायचा नाही, तिथे वन्यजीव कायदा आहेच.

रत्नांविषयी थोडक्यात. लोक अंगठी घेऊन येतात आणि विचारतात, पुष्कराज खरा आहे का. आम्ही खनिज सांगतो, ग्रहांबद्दल बोलत नाही. बाजारातले गडद निळे, गुलाबी अकीक बहुतेक रंगवलेले असतात, आणि सिट्रिन म्हणून विकला जाणारा पिवळा स्फटिक पुष्कळदा तापवलेला जांभळा स्फटिक असतो. हेही चिठ्ठीवर यावं. ज्यांना कापून पॉलिश करायचंय त्यांनी पाण्याखालीच कापावं आणि मास्क लावावा. खंबातच्या अकीक कारागिरांना सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, हे अनेक अभ्यासांत नोंदलं गेलंय. बाल्कनीत कोरडं ग्राइंडर चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका.

आता मुलांच्या मुद्द्यावर येते. मुलं वहीला घाबरत नाहीत, असं मला दिसतं. घाबरतो आपण, कारण आपल्याला कंटाळा येतो. सहावीतला एक मुलगा स्वतःच्या वहीत प्रत्येक दगडासमोर नकाशा काढतो: शाळेचं गेट, पानठेला, खड्डा, खड्ड्यात कितव्या हातावर. त्या खड्ड्यावर आता इमारत उभी आहे. तिथे खाली काय होतं हे सांगणारी बहुधा त्या पोराची वहीच एकटी उरली असेल.

आणि इथेच गटाचं खरं काम आहे असं मला वाटतं. शहरात जिकडे तिकडे खोदकाम चालू आहे. मेट्रोचे खांब झाले, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते, दहा-बारा मजली इमारतींचे पाये, प्रत्येक लेआउटमध्ये बोअरवेल. जमिनीचा छेद आठ-पंधरा दिवस उघडा असतो आणि मग काँक्रीटखाली जातो. हिस्लॉपनं ज्या टाकळीत फळं आणि बिया वेचल्या ती आज शहरात मिसळून गेली आहे. प्रत्येक खड्ड्यावर भूवैज्ञानिक येऊन उभा राहणं शक्य नाही. शेजारी राहणारा हौशी माणूस मात्र येता-जाता तिथे असतोच. त्यानं टेप लावून खोली मोजली, मुरूम किती, काळा पाषाण कुठून लागला, मध्ये गाळाचा पट्टा आहे का, एवढं लिहून तारीख टाकली, तर दहा वर्षांत आपल्याकडे नागपूरच्या पोटाचा असा नकाशा तयार होईल जो आज कोणाकडेच नाही. लांबच्या जिल्ह्यांत जाऊन बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या झिओलाइट खनिजांचे झुबके विकत आणण्यापेक्षा मला हे शतपटीनं मोलाचं वाटतं.

म्हणून गटातल्या सगळ्यांना विनंती, मतदानात प्रस्तावाच्या बाजूनं हात वर करा. आणि गटाबाहेरच्यांना एक मागणं. घराचा पाया, विहीर किंवा बोअर खणणार असाल, तर दोन दिवस आधी इथे कमेंटमध्ये वस्तीचं नाव तेवढं टाका, पत्ता मला मेसेजमध्ये पाठवा. आमच्यापैकी कोणीतरी येईल, ठेकेदाराच्या कामात अडथळा न आणता फोटो काढेल, माप घेईल आणि प्रत्येक थरातला मूठभर नमुना नेईल. नोंदीची एक प्रत तुम्हालाही मिळेल. बोअरवाल्याला फक्त एवढं सांगून ठेवा की दर दहा फुटांचा चुरा वेगवेगळ्या पिशवीत भर आणि पिशवीवर फूट लिही.