तंबूला बांध नसतो

आमच्या घराण्यात शेत फारसे उरलेले नाही, पण बांधाची जाण मात्र पूर्ण शिल्लक आहे. आजोबांनी जुन्नर तालुक्यातल्या दोन एकरांच्या तुकड्यापायी सख्ख्या चुलतभावाशी एकोणीस वर्षे दावा चालवला. वाद होता दीड हात रुंदीच्या पट्टीचा. चुलतभाऊ दर पावसाळ्याआधी नांगर थोडासा आत सरकवून बांध कोरत आले आणि पट्टी कधी त्यांच्या ज्वारीत मिसळली हे कोणाला कळले नाही, असे आमचे म्हणणे होते. दावा निकाली निघाला तेव्हा दोघेही हयात नव्हते आणि भूकरमापकाच्या मोजणीत ती पट्टी तिसऱ्याच माणसाची निघाली. तरीही दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकू नये आणि आपल्या हद्दीत कोणाला टाकू देऊ नये, हा संस्कार आमच्यावर पक्का झाला तो झालाच. असा संस्कार अंगी असलेल्या माणसाने जूनच्या पहिल्या आठवड्यात, तेही शनिवारी, भंडारदऱ्याला तंबूत मुक्कामाला जाऊ नये. मी गेलो.

बेत भाच्याचा होता. ‘‘मामा, काजवे बघायला चला, आयुष्यात एकदा तरी बघायलाच पाहिजेत,’’ असे तो गेली तीन वर्षे म्हणत होता आणि यंदा त्याने मला न विचारता पैसेही भरून टाकले. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत, कळसूबाईच्या पायथ्याच्या या मुलखात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री काजव्यांनी लखलखतात, हे मीही ऐकून होतो. प्रवरेवरचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतीला विल्सन या गव्हर्नरसाहेबाचे नाव आहे आणि मागच्या जलाशयाला आर्थर नावाच्या दुसऱ्याच साहेबाचे. भिंत एकाच्या नावावर आणि पाणी दुसऱ्याच्या नावावर पाहून, येथेही सातबारा सामाईकच दिसतो, अशी शंका माझ्या मनात आली होती. ती मी वेळीच गांभीर्याने घ्यायला हवी होती.

पाण्याच्या काठावर सुमारे वीस तंबू तीन रांगांत उभे होते, सगळे एकाच मापाचे आणि एकाच निळ्या रंगाचे. कॅम्पवाल्या दादांनी आम्हाला मधल्या रांगेतले दोन तंबू दिले. आमच्या डाव्या हाताला भाचा आणि त्याची बायको, तर उजव्या हाताला तीन तंबू घेऊन उतरलेले सिन्नरकडचे एक भरघोस कुटुंब होते. तंबू तिघांचा असल्याचे त्याच्या पिशवीवर छापलेले होते. ही तीन माणसे कोणत्या देशात मोजली असावीत, ते कळले नाही. आमच्या दोघांच्या आणि एका बॅगेच्या हिशेबाने तो भरला.

तंबूत राहण्याची खरी अडचण तंबूच्या आत नसते, ती बाहेर असते. घराला भिंत असते, भिंतीपुढे ओटा असतो, ओट्यापुढे अंगण असते आणि अंगणाला काही नाही तरी शेणाने सारवलेली एक कड असते. तंबूला यातले काहीच नसते. चार बाजूंना चार ताणाच्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकांना चार खुंट्या, एवढीच त्याची मालमत्ता. या खुंट्यांच्या आतली जागा माझी आहे, हे मला स्पष्ट दिसत होते आणि इतर कोणालाही दिसत नव्हते. दीड हाताच्या पट्टीसाठी तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी आपली माणसे बांध दिसला नाही की सगळेच रान गायरान समजतात, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच समजले.

पहिले अतिक्रमण टॉवेलचे झाले. आम्ही चहा घेऊन परत येतो तो आमच्या उजवीकडच्या दोरीवर लाल पट्ट्यांचा एक भलामोठा ओला टॉवेल पसरलेला होता. शेजारच्या गृहस्थांनी जलाशयात डुबकी मारली होती आणि बाहेर येताच त्यांच्या नजरेला एक ताणलेली दोरी पडली होती. मराठी माणसाला ताणलेली दोरी दिसल्यावर तिच्यावर काही वाळत घातल्याशिवाय राहवत नाही, हे मी समजू शकतो. पण ती दोरी माझा तंबू पेलत होती आणि टॉवेलच्या ओझ्याने तंबूचा तो कोपरा अदबीने झुकला होता. मी अत्यंत सभ्यपणे म्हणालो, ‘‘हा टॉवेल बहुधा आपला असावा.’’ ते प्रसन्नपणे म्हणाले, ‘‘हो, आपलाच आहे. वापरा ना काका, वाळला की वापरा.’’

दुसरे अतिक्रमण खुर्च्यांचे. तंबूपुढे दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांपैकी एकीवर मी रुमाल टाकून गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत साऱ्या महाराष्ट्राला मान्य आहे आणि तिच्या बळावर मी पुण्याहून नाशिकला अनेकदा बसून गेलेलो आहे. येथे मात्र रुमाल खुंटीपाशी गवतावर नीट घडी घालून ठेवलेला सापडला आणि खुर्ची शेजारच्या आजींखाली सापडली. आजी ऐंशीच्या घरातल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून, ‘‘बस की रे, उभा का?’’ असे विचारले. कशावर बसायचे, हे त्यांना विचारण्याइतका मी निगरगट्ट नाही.

माझी एक मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते आणि दर उन्हाळ्यात मुलाबाळांसह योसेमिटीच्या जंगलात तंबू ठोकते. तिच्याकडे प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दुसऱ्याच्या जागेतून आडवे जाणे हे त्याच्या दिवाणखान्यातून जाण्यासारखे समजतात. वाट लांबची असली तरी वळसा घालायचा. खाण्याचे सगळे सामान लोखंडी पेटीत बंद करून ठेवावे लागते, नाहीतर अस्वल येते. निसर्गात वावरताना पाळायची सात तत्त्वेही त्या देशात ठरलेली आहेत आणि इतरांचा विचार करणे हे त्यांतले सातवे, म्हणजे शेवटचे तत्त्व आहे. यादीतली शेवटची वस्तू हमखास विसरते, हे किराणा आणायला गेलेल्या कोणत्याही नवऱ्याला विचारावे. पण तेथे निदान अस्वल तरी असते. आमच्या कॅम्पवर नियम मोडणाऱ्याला फक्त मी भेटत होतो.

नियम नव्हते असे नाही. स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडवर दादांनी रंगाने लिहिलेली पाटी होती आणि ‘रात्री दहा नंतर स्पीकर बंद’ ही तिची पहिली ओळ होती. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांनी साडेआठला स्पीकर सुरू केला, तेव्हा माझ्या छातीत कोणीतरी दुसरे हृदय बसवल्याचा भास झाला. दहाला पाच मिनिटे असताना मी त्यांच्याकडे गेलो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे सर्व मी त्यांना ओरडून सांगितले. ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हते. त्यांच्यातल्या एकाने घड्याळ पाहून विचारले, ‘‘म्हणजे अजून पाच मिनिटं आहेत ना, काका?’’ बरोबर दहाच्या ठोक्याला त्यांनी स्पीकर बंद केला. असे कायदेपालन मी फार दिवसांनी पाहिले. दहा वाजून एका मिनिटाने त्यांनी अंताक्षरी सुरू केली, कारण ध्वनिक्षेपकाच्या नियमात घशाचा उल्लेख नाही.

परतताना मी शेजारच्यांच्या चटईवरून बूट घालूनच आलो, असे बायकोचे म्हणणे आहे. मला ते आठवत नाही. त्यांनी हातात भेळेचा द्रोण दिला होता आणि भेळ उत्तम होती, एवढे आठवते.

काजव्यांच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नव्हतो. नर काजवे उडता उडता लुकलुकतात, गवतात किंवा झुडपात बसलेली मादी उजेडानेच उत्तर देते आणि त्या खाणाखुणांवर पुढचे सगळे जुळते. मध्येच कोणी बॅटरीचा पांढरा झोत टाकला तर हा सोयरिकीचा निरोप पुसला जातो. मी दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला लाल जिलेटीन कागद घेऊन गेलो होतो. तो बॅटरीला बांधला आणि शेजारच्या मुलांच्या बॅटऱ्यांनाही बांधून दिला. कॅम्पच्या मागे सादड्याचे एक जुने झाड होते. त्यावर आधी दहावीस ठिपके दिसले आणि मग कोणीतरी खटका दाबावा तसे सगळे झाड एकदम पेटले, एकदम विझले, पुन्हा पेटले. आजी खुर्चीसकट तेथे आणल्या गेल्या होत्या. त्यांनी हात जोडले. पाच मिनिटे वीस तंबूंतले कोणी बोलले नाही, अंताक्षरीसुद्धा थांबली.

तेवढ्यात स्वच्छतागृहावरचा पांढरा दिवा माझ्या डोळ्यांत आला. मी दादांकडे गेलो आणि काजव्यांच्या संसाराचा हवाला देऊन तो दिवा रात्रभर बंद ठेवायला लावला. दादा म्हणाले, ‘‘लोकांना वाट दिसायची नाय, काका.’’ मी म्हणालो, ‘‘वाटेच्या कडेला चुना लावलेले दगड आहेत, लोकांनी तेवढे पाहून चालावे.’’

आता भूगोल सांगणे आवश्यक आहे. चुन्याच्या दगडांची वाट तिन्ही रांगांना वळसा घालून स्वच्छतागृहाकडे जात होती आणि ती चाळीस पावलांची होती. पुढच्या रांगेतून सरळ रेषेत गेल्यास अंतर बारा पावलांचे होते आणि ही रेषा आमच्या तंबूच्या व भाच्याच्या तंबूच्या मधून, म्हणजे दोन्ही तंबूंच्या दोऱ्यांवरून जात होती. साडेअकरा ते अडीच या वेळात आमच्या दोरीला चौदा जण अडखळले. मी जागाच असल्यामुळे आकडा खात्रीचा आहे. प्रत्येक वेळी आधी दोरी तुणतुण्यासारखी वाजे, मग सबंध तंबू थरथरे आणि मग बाहेरून ‘‘आई गं!’’ ऐकू येई. एकाने पडता पडता तंबूला ‘सॉरी’ म्हटले. एकाने तोल सावरण्यासाठी हात टेकला तेव्हा कापडापलीकडून एक अनोळखी, उबदार तळहात माझ्या गालावर विसावला. दोघांनाही काय घडते आहे हे समजायला क्षणभर वेळ लागला आणि मग आम्ही दोघेही काही न बोलता वेगळे झालो. तंबूचे कापड किती पातळ असते, हे मला त्या रात्री समजले. बायको मात्र या सगळ्यात गाढ झोपलेली होती, आणि जागी असतानाचा अधिकार तिने झोपेतही सोडला नसल्याने गादीचा दोन तृतीयांश भाग तिच्याकडे होता. बांध येथेही कोरला जात होता.

पावणेतीनला मला स्वतःलाच उठावे लागले. बाहेर पडताना मी तंबूची खूण मनाशी पक्की केली. वीस सारख्या तंबूंमध्ये आपला कोणता, हा प्रश्न सोपा नव्हता, पण शेजाऱ्यांचा तो टॉवेल आमच्या दोरीवर अजून लटकत होता आणि निदान या कामी तरी तो उपयोगी पडेल, असा उदार विचार करून मी निघालो. नियमाप्रमाणे चाळीस पावलांच्या वाटेने गेलो, हे नमूद करतो. दिवा नव्हता, दगडांचा चुना मावळतीच्या चंद्राएवढाच दिसत होता आणि त्यांतल्या तीन दगडांशी माझ्या अंगठ्याची ओळख झाली. परत फिरलो तेव्हा बारा पावलांची वाट समोर होती. बाराच पावले होती, रात्रीची वेळ होती आणि कोणी पाहत नव्हते. मी तिने आलो.

टॉवेल दिसला. मी चेन उघडली, आत शिरलो, पुन्हा चेन लावली आणि गादीवर नेहमीप्रमाणे चार बोटे जागा शिल्लक असल्याचे हाताला लागल्यावर, दिवसभराचा सगळा राग एकवटून म्हणालो, ‘‘सरक जरा तिकडे. सगळी जागा काय तुझ्या बापाची आहे?’’

अंधारातून एक जड, पुरुषी, अत्यंत समजूतदार आवाज आला, ‘‘काका, तुमचं शेजारी.’’

संध्याकाळी मी टॉवेलविषयी बोललो होतो, ते या सज्जन माणसाच्या मनाला उशिरा का होईना लागले होते आणि मी बाहेर पडल्यावर झोपेतून उठून त्याने तो आपल्या दोरीवर नेऊन टाकला होता. मी बाहेर येताना चेन अर्ध्यात अडकली. ती सोडवताना त्यांची दोन मुले जागी झाली आणि मग पलीकडच्या तंबूतून आजींनी, कोण आले आहे आणि चहा टाकायचा का, असे विचारले.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो. आमच्या दोरीवर लाल पट्ट्यांचा टॉवेल पुन्हा आलेला होता, या वेळी नीट दुहेरी घडी घालून आणि दोन चिमटे लावून. मी तो काढून त्यांना द्यायला गेलो, तर ते चटकन उठून उभे राहिले.

‘‘राहू द्या, काका,’’ ते म्हणाले. ‘‘आमचा आजचा पण मुक्काम आहे, पण तुम्ही निघेपर्यंत राहू द्या तिथंच.’’