कोणाचा डावा?

"मग उलटी टाका की!"

नवी गादी चुकीची कापून आलीये म्हटल्यावर हे वाक्य गेल्या आठ दिवसांत मी अकरा जणांच्या तोंडून ऐकलंय. मेहुण्याने सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं, ऑफिसातल्या एकाने तर हाताचा तळवा उलटा-सुलटा करून दाखवला, म्हणजे 'उलटी' म्हणजे काय ते मला नीट कळावं म्हणून. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, की एवढी साधी गोष्ट या बापड्याला सुचू नये? तर बाबांनो, सुचली होती. पहिल्या मिनिटाला सुचली होती. उलटी टाकल्यावर काय होतं तेही सांगतो, पण आधी मला जरा मोकळं होऊ द्या.

विषय आहे गाडीच्या गादीचा. म्हणजे मोटरहोममधल्या, आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीतल्या, पलंगावरच्या गादीचा. गाडी आणि गादी हे दोन शब्द एका वाक्यात आले की हल्ली माझी जीभ अडखळते. "गाडीच्या गादीबद्दल बोलायचंय" असं फोनवर म्हटलं की पलीकडची मुलगी "गादीची गाडी निघालीये सर" म्हणून फोन ठेवून देते.

जुनी का काढली ते पटकन सांगतो. एका सकाळी पलंगाखालच्या कप्प्यातून जॅक काढायला गादी उचलली तर तिच्या पोटावर काळे ठिपके, आणि वास असा की बायको काही न बोलता गाडीतून खाली उतरली. वर आम्ही दोघं रात्रभर श्वास आणि घाम सोडणार, ती वाफ झिरपत खाली जाणार, आणि खाली गारठलेलं सपाट प्लायवूड. तिथे दव धरणार नाही तर काय होणार! गाडी बनवणाऱ्याने फळीऐवजी लाकडी पट्ट्या टाकल्या असत्या, गेला बाजार चार भोकं तरी पाडली असती, तरी हवा खेळली असती. पण नाही.

नवी गादी घ्यायला असं किती डोकं लागतं, असं मलाही वाटलं होतं. घरच्या पलंगाचं माप सांगतो तसं सांगायचं, संपला विषय. पण मोटरहोमच्या पलंगाला माप नसतं, आकार असतो. घरच्या पलंगांत अमेरिकन 'क्वीन', म्हणजे दोघांचं माप, ६० बाय ८० इंच, आणि गाडीत 'शॉर्ट क्वीन' नावाचा प्रकार भेटतो, ६० बाय ७५. पाच इंच कुठे गेले विचारायचं नाही, पाय दुमडायचे. आमचा तर त्याहून वेगळा, १९० बाय १३५ सेंटिमीटर, भिंतीला चिकटलेला आणि पायाकडचा एक कोपरा तिरका छाटलेला, कारण तिथेच बाथरूमचं दार उघडतं. याला फ्रेंच बेड म्हणतात. नाव ऐकून उगाच काहीतरी रोमँटिक वाटतं, प्रत्यक्षात दोघांपैकी एकाचे पाय अधांतरी असतात. ते माझे असतात.

मग मी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून पलंगाचा नकाशा कापला, शिंपी कापतो तसा. बरोब्बर. त्यावर पेनाने 'वरची बाजू' असं लिहिलंसुद्धा. आता वर्तमानपत्राच्या मथळ्यांच्या गर्दीत दोन शब्द पेनाने लिहिले तर ते कोणाला दिसणार, हे मला तेव्हा सुचलं नाही, मान्य. पण माझी चूक एवढीच आहे. पुढचं सगळं दुकानात भेटलेल्या एका काकांचं.

दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. "फॉर्टी डेन्सिटी देऊ का सर, एकदम कडक!" डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, कडकपणाशी त्याचा थेट संबंध नाही, जड फोम मऊ असू शकतो आणि हलका टणक, हे मी रात्र रात्र जागून वाचून गेलो होतो. ते त्याला सांगितलं तर म्हणाला, "हो सर, म्हणजे कडकच." लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, नको म्हटलं, कारण आमच्या मापाची पंधरा सेंटिमीटर जाडीची लॅटेक्सची गादी तीस किलोच्या आसपास जाते आणि फोमची तेरा-चौदात भागते. आमच्या गाडीचं कागदोपत्री कमाल वजन ३५०० किलो, त्यातले किलो किलो मोजून बायकोने माझी पुस्तकं आधीच खाली उतरवलेली. शिवाय पलंगाची फळी गॅसच्या दांड्यांवर उचलली जाते. वर जास्त वजन पडलं की त्या हात टेकतात आणि खालच्या कप्प्यात डोकं घातलेल्या माणसाच्या मानेवर फळी येते. अनुभव आहे.

"मग मेमरी फोम घ्या सर, नासाचं तंत्रज्ञान आहे!" हे खरंय. १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट नावाच्या इंजिनीअरने तो फोम विमानातल्या सीटसाठी बनवला. पण तो फोम गरम झाला की मऊ पडतो आणि गार झाला की आखडतो, आणि थंडीच्या रात्री हीटर बंद करून झोपलेली मोटरहोम म्हणजे चाकांवरचा फ्रीज. पहाटे त्या फोमवर कूस बदलायची म्हणजे ओल्या वाळूतून रांगत बाहेर यायचं. शेवटी ठरलं ते असं, खाली दहा सेंटिमीटर टणक फोम, वर पाच सेंटिमीटर मऊ साधा फोम, एकमेकांना चिकटवलेले. यातलं 'चिकटवलेले' लक्षात ठेवा.

आता फॉर्म. त्यावर एक चौकट होती: 'छाटलेला कोपरा: डावा / उजवा'. मी म्हणालो, "उजवा."

"कोणाचा उजवा?"

आवाज खालून आला. शेजारच्या डिस्प्लेच्या पलंगावर एक काका उताणे पडले होते. बूट पलंगाखाली जोडीने ठेवलेले, हात पोटावर, डोळे मिटलेले. इतका वेळ मला वाटत होतं की ते डिस्प्लेचाच भाग आहेत.

"म्हणजे?" मी.

"म्हणजे उभ्याचा उजवा की आडव्याचा?" डोळे अजून मिटलेलेच. "मी अडतीस वर्षं डेंटिस्ट होतो. एक सांगतो, ऐका. आमच्यात डावं-उजवं नेहमी पेशंटचं. कागदावर चार्ट काढला की पेशंटची उजवी दाढ कागदाच्या डावीकडे येते. का? कारण तो आपल्याकडे तोंड करून बसलाय. नवीन पोरं इथेच चुकतात, आणि चुकलं की काय होतं?"

"काय?"

"भलताच दात हातात येतो."

मुलाने पेन खाली ठेवलं. काका उठून बसले, मोज्यांनिशी माझ्यापर्यंत आले, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "झोपा."

"अहो पण..."

"झोपा हो. लाजू नका." आणि मी झोपलो. हे मी का केलं हे मला अजून कळलेलं नाही. त्या आवाजातच काहीतरी होतं, डेंटिस्टच्या खुर्चीत आपण कसे आपोआप शरण जातो तसं. काका माझ्या डोक्यावर वाकले, प्रकाश पडावा म्हणून जरा बाजूला सरकले, आणि म्हणाले, "आ..." मग स्वतःच थांबले. "सॉरी. पाय सरळ करा. आता सांगा, कोपरा कुठल्या पायाशी?"

"डाव्या. पण काका, मी पालथा झोपतो."

"पेशंट पालथा नसतो."

"मी पेशंट नाहीये."

"हे बघा, पालथं झोपणं चुकीचंच आहे, जबड्यावर भार येतो. गादी करताना चुकीची सवय धरून करायची का?" मग दुकानभर नजर फिरवून, कारण एव्हाना दोन कुटुंबं खरेदी सोडून आमच्याभोवती उभी होती, "तुम्हीच सांगा!" एका बाईंनी मान डोलावली. त्यांच्या लहान मुलाने मला विचारलं, "काका, तुम्हाला बरं नाहीये का?"

एवढ्यात काकांनी माझा कागदी नकाशा उचलला. मला वाटलं आता तरी उलगडा होईल. तर ते वाचायला लागले. "हे मागच्या महिन्यातलं दिसतंय." पालटून मागची बाजू वाचली. "शब्दकोडं अर्धंच सोडवलंय तुम्ही, सात आडवं अगदी सोपं होतं." मग दुसऱ्या बाजूने घडी घालून तो मुलाच्या हातात दिला, आणि मुलाने फॉर्मवर 'डावा' या शब्दावर खूण करून तो कागद तसाच, ज्या बाजूला माझं 'वरची बाजू' नव्हतं ती बाजू वर धरून, फॉर्मला स्टेपल केला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत सर!" असं म्हणून तो एकटाच हसला. काका परत जाऊन आडवे झाले होते. मी त्यांना थँक्यू म्हणून आलो. थँक्यू!

गादी आली गुंडाळून, हवा काढून, लोडाएवढी. गाडीच्या चिंचोळ्या दारातून आत नेली, प्लास्टिक कापलं, ती फुस्स करत फुगली, आणि मी आणि बायको तिच्याकडे बघत उभे राहिलो. कोपरा भिंतीकडे छाटलेला. तिथे आता एक त्रिकोणी खड्डा, ज्यात पहिल्याच रात्री माझा चष्मा गेला. आणि वाटेकडचा कोपरा अक्खा, बाथरूमच्या दारात नाक खुपसून बसलेला. दार वीतभर उघडतं. वीतभर दारातून रात्री दोन वाजता आत कसं जायचं याचं तंत्र मी विकसित केलंय, त्याचं वर्णन करत नाही.

फोन केला. "सर, फॉर्मच्या मागे लिहिलंय, डावा-उजवा हे पायथ्याशी उभं राहून बघताना." मागे! ज्या प्रश्नावर सगळी गादी उभी आहे त्याचं उत्तर मागच्या पानावर, वॉशिंगच्या सूचनांच्या खाली. म्हणजे मी पहिल्यांदा म्हणालो होतो तो 'उजवा' बरोबर होता. एका शब्दात काम झालं होतं हो माझं, आणि या उंटावरच्या शहाण्याने ते अडतीस वर्षांच्या अनुभवाने बिघडवलं. "मापाने बनवलेली गादी परत घेत नाही सर." नकाशा जोडला होता ना पण? "नकाशाप्रमाणेच आहे सर." चूक त्यांनी मान्य केली नाही, मीही केली नाही, आणि सही मात्र एकट्या माझीच होती. जहाजवाल्यांनी ही कटकट केव्हाच मिटवलीये, जहाजाच्या नाकाकडे तोंड केल्यावर डावीकडचं ते पोर्ट, उजवीकडचं स्टारबोर्ड, मग तुम्ही उभे असा, पालथे असा नाहीतर डेंटिस्ट असा. गादीवाल्यांना चार चित्रं छापून त्यातल्या एकावर गोल करायला सांगायला काय होतं? एक चित्र, बस. पण तेवढं केलं तर गिऱ्हाइकाची चूक कशी निघणार.

तर आता उलटी. उलटी टाकली की कोपरा बसतो. दारही उघडतं. फक्त मऊ पाच सेंटिमीटर खाली प्लायवूडला आराम देतात आणि टणक दहा सेंटिमीटर आमच्या बरगड्यांना. वेगळे करता येत नाहीत, चिकटवलेले आहेत, सांगितलं होतं ना. आणि खोळीच्या खालच्या कापडाला गादी सरकू नये म्हणून रबराचे ठिपके लावलेत, ते आता वर. चादर त्यावर घट्ट चिकटते आणि पायजमा चादरीला. मी कूस बदलतो, पायजमा बदलत नाही.

बायकोने दोन रात्री हे सोसलं, मग उठून खोळीची चेन उघडली, उशीचा अभ्रा उलटा करतात तशी अख्खी खोळ आतून बाहेर केली आणि परत चढवली. ठिपके गेले आत, मऊ कापड आलं वर, आणि कोपरा जागच्या जागी. मी पंधरा मिनिटं हातात हातमोजा घेऊन हे कसं झालं ते समजून घेत होतो. आता गादीच्या चारी बाजूंनी शिवणीचे दोरे लोंबतात, आणि खालचा फोम वरच आहे, तो काही कोणाला उलटा करता येत नाही. त्यावर आम्ही जुनी दुलई दुमडून घातलीये, त्याने गादी चार बोटं उंच झाली आणि उठून बसलं की डोकं वरच्या कपाटाला लागतं. म्हणून उठून बसत नाही, घरंगळत उतरतो.

पण मी पालथाच झोपतो, आणि पालथं झोपल्यावर तो कोपरा माझ्या उजव्या पायाशी येतो. मी उजवाच म्हणालो होतो.