‘एक जुना जीपवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुनी सीजे-३बी जीप टो बार (दोन गाड्या जोडणारा लोखंडी बार) लावून, चारही चाकांवर हायवेने ओढत कशी न्यावी, यावर मी लिहिलं होतं. त्यात मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवा असं सांगितलं होतं. हा शाफ्ट ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वळवणारी पेटी) मागच्या एक्सलपर्यंत जातो. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. सगळ्यांना संदर्भ कळावा म्हणून ती इथे देतो : "ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की विषय संपला. मागचा शाफ्ट काढा म्हणणाऱ्याने आयुष्यात पाना हातात धरलेला नसतो. ताशी २४ च्या वर टोचन करायला बंदी आहे हे तरी माहीत आहे का? साखळ्या शेवटी आठवल्या. एवढी उठाठेव करण्यापेक्षा फ्लॅटबेड बोलवा. नेटवर वाचून लोकांना शिकवू नका."

मतभेदाचं मला काही वाटत नाही. या विषयावर दोन मेकॅनिक एकत्र आले तर तीन मतं निघतात. पण स्वतःचं नाव न लिहिता समोरच्याने पाना धरलाय की नाही हे ठरवून टाकायचं, ही कुठली पद्धत? "शाफ्ट काढायची गरज मला पटली नाही, कारण सांगा" एवढं लिहिलं असतंत तर मी आनंदाने सांगितलं असतं. आता सांगतोय, पण आनंदाने नाही.

नाशिकच्या सातपूरला वडिलांचं गॅरेज होतं. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांच्या जीपा आमच्याकडे यायच्या, आणि शाळा सुटली की मी त्यांच्याच खाली असायचो. टो बारने लावलेली जीप रिव्हर्स घेता येत नाही, हे मला कोणत्याही साइटने शिकवलेलं नाही. मागे घेतली की जीपची पुढची चाकं आडवी होतात आणि बार पिळला जातो. म्हणून आजही मागे जीप असली की पेट्रोल पंपावर वळण्याआधी मी बाहेर पडायचा रस्ता बघून घेतो. पाना न धरलेल्या माणसाला ही सवय कुठून लागेल?

आता तुमचं न्यूट्रल. चांदवडकडून एक जीप अशीच आमच्या गॅरेजला आली होती. मालकाने ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली होती आणि गाडी जागची हलू नये म्हणून गिअरबॉक्स पहिल्यात ठेवला होता. रस्त्यात एका खड्ड्यात आदळल्यावर ट्रान्सफरचा दांडा सरकून लोमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) बसला, मागची चाकं जागच्या जागी धरली आणि जीप फरफटत गेली. वडिलांनी ट्रान्सफर केस खोलली तेव्हा मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो. शिफ्टर रॉडवरची गोळी ज्या खाचेत बसते ती खाच झिजून गुळगुळीत झाली होती, आणि गोळीमागची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झाले होते. तुमचं न्यूट्रल त्या एका गोळीच्या आणि स्प्रिंगच्या भरवशावर उभं असतं. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत ती स्प्रिंग आज कशी आहे, हे केस खोलल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्हीही नाही.

दांडा सरकला तर काय होतं, याचा हिशेबच मांडतो. सीजे-३बीच्या एक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. ताशी ६० ला ६.००-१६ चा टायर मिनिटाला साधारण ४४० फेरे घेतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट २,३०० च्या वर फिरतो. ट्रान्सफर केसच्या लोचा रेशो २.४६. दांडा लोमध्ये बसला की गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट ५,८०० च्या आसपास जायला बघतो. त्यात गिअरबॉक्स पहिल्यात असेल तर इंजिनाला मिनिटाला सोळा हजार फेरे घ्यावे लागतील. ते घेणं शक्य नाही, म्हणून चाकं तरी धरतात नाहीतर काहीतरी फुटतं. गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवला म्हणून सुटका होत नाही. इंजिन बंद असल्यामुळे खालचा क्लस्टर (तेलात बुडालेला गिअरचा संच) थांबलेला असतो, तो तेल उडवत नाही, आणि वरचा मेन शाफ्ट कोरडा फिरत राहतो. शाफ्ट काढला की यातलं काहीच होऊ शकत नाही. यू-बोल्टचे चार नट काढायला किती वेळ लागतो, हे जुन्या जीपवाल्याला मी सांगायला नको.

काढताना दोन गोष्टी मात्र जपाव्या लागतात. शाफ्टच्या टोकाला सांधा असतो, त्यातल्या क्रॉसच्या सुट्या झालेल्या वाट्यांवर लगेच घट्ट टेप गुंडाळायचा, नाहीतर वाटी निसटते आणि आतल्या बेअरिंगच्या सुया मातीत जातात. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो आणि शाफ्टमार्फतच चाकं धरतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळी. म्हणून खाली शिरण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे, आणि जोडणी सोडतानाही आधी ठोकळे, मग बार. हे सगळं मूळ लेखात होतं. तुमच्या प्रतिक्रियेत हँडब्रेकचा उल्लेखही नाही, आणि अनुभव मात्र माझा काढलात.

साखळ्यांचं म्हणणं मान्य. बारखालून फुलीत बांधायच्या दोन साखळ्या लेखात शेवटी आल्या होत्या, त्या वर असायला हव्यात. आता टो बार बंपरला न लावता चासीला लावा, त्या वाक्याच्या लगेच खाली घेतल्या आहेत. त्याबद्दल आभार.

ताशी २४ चा आकडा १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतला. बंद गाडी ओढताना दोन्ही गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हेही त्यातच होतं. २०१७ मध्ये त्या जागी नवे नियम आले. निघण्याआधी आरटीओत विचारून घ्या, असं मी लेखात स्पष्ट लिहिलं आहे. माझा लेख जीपच्या तयारीबद्दल होता, परवानगीबद्दल नाही, त्यामुळे हा वाद इथे वाढवत नाही.

आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. परवडत असेल आणि वेळेवर मिळत असेल तर तोच बोलवा, हे लेखाचं दुसरंच वाक्य आहे. तुम्ही ते वाचलेलं दिसत नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आधी लेख पूर्ण वाचा आणि खाली नाव लिहा, एवढीच विनंती.