एडगर ॲलन पो यांच्या बडतर्फीविषयी खुलासा

‘पांढरे हातमोजे आणि कमरपट्टा एवढ्यावरच कवायतीला उभे राहिल्यामुळे अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांना अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून काढले,’ हा किस्सा अजूनही फिरतो. तो रंजक असला तरी त्याला पुरावा नाही. जानेवारी १८३१ मध्ये लष्करी न्यायालयापुढे त्यांच्यावर ठेवलेले आरोप कर्तव्यात कसूर आणि आज्ञाभंगाचे होते, म्हणजे साध्या भाषेत कवायत, वर्ग आणि चर्च यांना दांडी, आणि तीही सुटका व्हावी म्हणून मुद्दाम मारलेली. शिस्त त्यांना झेपतच नव्हती असेही नव्हे: १८२७ मध्ये, १८ वर्षांचे असताना २२ वय सांगून ‘एडगर ए. पेरी’ या नावाने भरती झालेला हा कवी तोफखान्यात दोन वर्षांच्या आत सार्जंट मेजर झाला होता.